मामाचा मफलर

भर वैशाखातही दत्तूमामाच्या गळ्यात मफलर असायचा. निरगुडसरला उसाला पाणी देतानासुद्धा. कोणी चिडवलं तर म्हणायचा, "आमचा गळा लई नाजूक हाय, पावणं." तसा बडबड्या माणूस. पण घरातलं काही बाहेर जाऊ लागलं की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "उगा बोभाटा नको."

माझ्या लग्नात तो माझ्या पाठीशी उभा राहिला, तेव्हाही फेट्याखाली मफलर होताच. घामानं निथळत होता. आम्ही सगळे हसलो. आत ऑपरेशनचा ताजा व्रण होता, हे फक्त मामीला ठाऊक होतं.

ऑपरेशन थायरॉइडच्या कॅन्सरचं. त्याला झालेल्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये कॅल्सिटोनिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं, आणि हा रोग कधीकधी घराण्यात उतरतो. "बहिणीचं रक्त तपासून घ्या, गाठ दिसायच्या आधी कळेल," असं डॉक्टरांनी मामाला बजावलं होतं. त्याची एकच बहीण, माझी आई. पण माझी सोयरीक जुळत आली होती. जुन्नरच्या, माझ्या होणाऱ्या सासरच्या मंडळींना कळलं तर मोडेल, म्हणून मामा गप्प बसला. पुढे माझ्या धाकट्या बहिणीसाठी, शीतलसाठी, स्थळं बघणं सुरू झालं, आणि ते गप्प राहणं तसंच लांबलं.

आईच्या मानेवर गाठ दिसली तेव्हा रोग हाडांपर्यंत पोचला होता. मामा अवसरीला आमच्या घरी आला, तिच्या खाटेशी बसला आणि मफलर सोडला.

"आक्के, मला म्हाईत व्हतं."

आई त्या व्रणाकडे बघत राहिली. "माज्या पोरीसाठीच ना रं?"

त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मामानं आमचा उंबरा ओलांडला नाही. ओट्यावर बसायचा, पाणीसुद्धा घ्यायचा नाही. "मला लाज वाटती गं," एवढंच म्हणायचा. लग्नाचा अल्बम मीही मग कधी उघडला नाही. आईमागोमाग तोही गेला. शेवटी मला म्हणाला, "तुमी दोघी रक्त तपासा. माज्यावानी करू नका."

परवा माझा रिपोर्ट आला. ते प्रथिन वाढलेलंच. "बहिणीला लगेच आणा," डॉक्टर म्हणाले. जुन्नरच्या स्टँडवर उतरते तोच शीतलचा फोन. रविवारी तिचा साखरपुडा.

"ताई, काय आलं गं?"

"काही नाही गं, सगळं ठीक आहे. साखरपुडा उरकू दे, मग तुझंही बघू."

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला होता. स्टँडवरच्या गर्दीत मला माझीच इतकी लाज वाटली की मान वर करवेना. तिथंच बाकावर बसून मी पुन्हा फोन लावला.

"शीतल, मी खोटं बोलले. उद्याच तपासायला जायचं. तुझ्या सासरच्यांनाही सांगायचं."

"अगं ताई, गावभर होईल..."

"होऊ दे बोभाटा."