बाबांना ड्रॉइंग दाखवायचं राहून गेलं

मंडळी, आज आपल्या मेलिंग लिस्टवर थोडं घरचं लिहितोय.

माझे बाबा पेणकडे, गडब गावाजवळच्या मिठागरात काम करतात. आज ते पहिल्यांदाच रोह्याला, माझ्या कंपनीत आले. मी तिथे युनिक्सच्या कॉम्प्युटरवर टाक्यांची ड्रॉइंग्ज काढतो, ती त्यांना बघायची होती.

सकाळी लाइट जाऊन मशीन बंद पडलं होतं. नंतर लॉगिन केलं, पण ड्रॉइंगचा प्रोग्रॅम उघडून ठेवायचा राहिला. बाबा शेजारी बसल्यावर क्लिक केलं, तर स्क्रीनवर नुसतं थांबायला सांगणारं घड्याळ.

"बाला, ह्या घड्याल तूच काढलास काय?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"नाय बाबा, थांबा जरा. उघडतंय."

तेवढ्यात भेटीची वेळ संपली म्हणून वॉचमन बाबांना बोलवायला आला. पेणची एसटीही सुटणार होती. "र्‍हाऊ दे, पुना येईन," म्हणत बाबा उठले. त्यांना गेटवर सोडून आलो, तेव्हा टाकी स्क्रीनवर आली होती.

संध्याकाळी लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली. आता लॉगिन केलं की प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो आणि आयकॉन होऊन खाली बसतो. क्लिक केलं की लगेच समोर.

इतकं सोपं होतं, आणि बाबा माझं काम न बघताच गेले. तुमच्या घरच्यांनी तुमचं काम कधी पाहिलंय का हो?