वन्संचं सोमवारचं लग्न

"सोमवारी कोण लग्न करतं?" आमच्या ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. जोथम पियरसन, माझा नवरा, चिडला की प्रश्न तोच ठेवतो, फक्त आवाज वाढवतो.

"ज्याला मंगळवारी फुरसत नसते तो," होणारा नवरदेव ईनोस म्हणाला आणि भोपळ्याचं सारण भरून भाजलेल्या पायचा दुसरा तुकडा त्याने ताटात ओढला.

भांडण माझ्या नणंदेच्या, हल्डावन्संच्या, लग्नाच्या तारखेवरून चाललं होतं, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात. वन्सं दारापाशी बसून सफरचंदं निवडत होत्या. ऑक्टोबर होता, सफरचंदांचा रस काढणारा सायडरचा घाणा सकाळपासून फिरत होता आणि लग्न कधी करायचं हे नवरीला अजून कोणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी मतदान होतं. खरं भांडण ते.

आमच्या न्यू जर्सीत तेव्हा ज्याच्या नावावर पन्नास पौंडांची मालमत्ता असेल त्याला मत होतं. इंग्रजांशी झालेल्या लढाईच्या धामधुमीत कायदा लिहिणाऱ्यांनी 'सर्व रहिवासी' असं लिहून टाकलं. बायका त्यात आल्या त्या चुकून की मुद्दाम, यावर गावातल्या खानावळीत अजून वाद होतात. पण लग्न झालेल्या बाईचं सगळं नवऱ्याचं, अंगावरचा झगासुद्धा, त्यामुळे मतासाठी एक तर लग्न टाळावं लागे किंवा नवरा जावा लागे. मला मत नव्हतं. माझा नवरा धडधाकट होता आणि समोर ओरडत होता.

वन्संचं पहिलं लग्न एकोणिसाव्या वर्षी अमासा टाउनलीशी झालं. तो लढाईतून लंगडत परत आला आणि पुढची चौदा-पंधरा वर्षं त्याने खुर्चीत बसून देश कसा चालवावा ते सांगितलं. बाग आणि घाणा वन्संनी चालवला. मूलबाळ नव्हतं. तापाने गेला तेव्हा सगळं बायकोच्या नावावर करून गेला. बायकोवरच्या मायेपेक्षा भावांवरच्या रागाने केलं असं त्याची आईच म्हणते, आणि ती अजून वन्संकडेच राहते.

अमासा गेल्यावर पुढच्याच वर्षी आमच्या ह्यांना आपल्याला एक बहीण असल्याचं आठवलं. तेव्हापासून दर ऑक्टोबरात हे गाडी धुवून काढत, बाकावर उशी ठेवत आणि वन्संना मतदानाला घेऊन जात. ती उशी माझ्या बाळंतपणातही कधी गाडीत आली नव्हती. रस्त्यात फेडरलिस्टांची, म्हणजे ह्यांच्या पक्षाच्या उमेदवारांची, नावं लिहिलेला घडी घातलेला कागद त्यांच्या हातात द्यायचा, पेटीपाशी लोकांनी टोप्या काढायच्या, की झालं. घरी आल्यावर हे जेवताना सांगत की बायकांना राजकारणातलं काही कळत नाही. आपल्या बहिणीला का कळतं, हे मी एकदा विचारलं होतं. सूप गार होतंय, असं उत्तर मिळालं.

या भांडणानंतर पाच वर्षांनी विधानसभेने बायकांचं आणि काळ्या लोकांचं मत काढूनच टाकलं. निवडणुकीत लबाड्या फार होतात, हे कारण. काही पुरुष म्हणे झगे घालून दुसऱ्यांदा मत देऊन आले होते. त्या पुरुषांचं मत राहिलं.

ईनोस बाल्डविन खोगिरं शिवायचा. विधुर, पक्का रिपब्लिकन, म्हणजे ह्यांच्या विरुद्ध पक्षाचा, पण माणूस वाईट नाही. घाण्याच्या घोड्याचा साज दुरुस्त करायला आला आणि मग साज धड असतानाही येत राहिला. त्रेचाळिसाव्या वर्षी वन्संना मी पुन्हा मोठ्याने हसताना ऐकलं. लग्न त्यांना हवं होतं, हे मी शपथेवर सांगेन. लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरा-नवरीची नावं वाचून जाहीर करायची रीत; दोन रविवार दोघांची नावं वाचून झाली होती. तिसरा रविवार उरला होता.

"सरळ बोल ना," हे म्हणाले. "सोमवारी लग्न म्हणजे मंगळवारी आमचं एक मत गेलं."

"गेलं तर गेलं, जोथमराव. मागच्या खेपेला तुमचा माणूस चारच मतांनी आला होता."

ईनोस हे अगदी निर्मळ मनाने बोलला. वन्संचा हात टोपलीवर थांबलेला त्याने पाहिला नाही. मी पाहिला.

ह्यांनी गुरुवार सुचवला. ईनोस म्हणाला, गुरुवारपर्यंत निकाल लागलेला असेल, मग घाई कसली? चुलीपाशी विणत बसलेल्या म्हाताऱ्या टाउनलीबाई म्हणाल्या, "आमचा अमासा असता तर बरं होतं. एकटाच ओरडला असता."

पण हे आणि ईनोस दोघेही एकाच पलटणीत लढलेले, देश उभा केलेली माणसं. तोडगा काढल्याशिवाय उठणार कशी? अर्ध्या तासात काढला. लग्न मंगळवारीच, पण दुपारी. सकाळी वन्संनी मत द्यायचं, कागदावर अर्धी नावं ह्यांची, अर्धी ईनोसची. ह्यांनी तिथल्या तिथे कागद लिहिला. दोघांनी हात मिळवले, वन्संच्याच सायडरचे पेले भरले, आणि इंग्लंडच्या राजाला हे असलं जमलं नसतं, यावर त्यांचं एकमत झालं.

वन्सं उठल्या, हात पुसले आणि टेबलापाशी आल्या.

"ईनोस, लग्नानंतर घाणा कोण चालवणार?"

"तूच की. माझी कुठे ना आहे?"

"आणि बाग?"

"तीही बघ हवी तर. मी काय आडकाठी करणारा माणूस आहे का?"

"नाहीस," वन्सं म्हणाल्या. "तू परवानगी देणारा आहेस."

"देणारच. का नाही देणार?" त्याला खरोखरच बरं वाटलं.

वन्संनी कागद उचलून सगळी नावं वाचली. ह्यांनी समजवायला तोंड उघडलं, तसं वन्संनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला. मग वाचलेला कागद पायच्या रिकाम्या ताटाखाली सरकवला.

ईनोसकडे मात्र त्यांनी बराच वेळ पाहिलं. तेवढ्या वेळात त्याला काही सुचलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याने विचारलं, "दुपारी दोन की तीन?"

"वहिनी, तुम्ही ऐका, आणि सासूबाई, तुम्हीही," वन्सं म्हणाल्या. "उद्या मी पाद्रीबाबांकडे जाऊन तिसऱ्यांदा नावं वाचू नका म्हणून सांगणार आहे. हे लग्न होणार नाही."