शेंगोळ्यांचं पान

आमच्या वाचनालयातलं स्वयंपाकाच्या पुस्तकांचं कपाट उघडायच्या आधीच नाकाला कळतं. अळूवडीच्या पानावर चिंचेचा हात, लाडवांच्या पानांत अडकलेले तीळ, एकदा तर खूण म्हणून घातलेली कढीपत्त्याची अख्खी काडी. पुस्तक ओट्यावर न्यायचं नसतं, हे मुकुंदवाडीतल्या बायकांना मी बावीस वर्षं सांगत आलेय, पण ऐकतंय कोण. माझा स्वभावही तसा तापटच. दाराजवळची 'पुस्तकांत काहीही लिहू नये' ही पाटी मीच रंगवून घेतली, आणि 'काहीही'खालची रेघ मी स्वतःच्या हातानं ओढली.

म्हणूनच त्रिंबकराव मला सुरुवातीला फार आवडले. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर ते सभासद झाले. वय बासष्ट, चिकलठाण्याला एका सोसायटीत वॉचमन, निळ्या गणवेशाला कडक इस्त्री. त्याआधी तीस वर्षं वाळूजला प्रेस मशीनवर, आणि त्याच्याही आधी पैठणकडच्या गावात बापाबरोबर मेंढरांमागं. असा माणूस ऐतिहासिक कादंबऱ्या मागणार, म्हणून मी तिकडं बोट दाखवलं. त्यांनी मागितली स्वयंपाकाची पुस्तकं. आठवड्याला एक न्यायचे आणि कोरं करकरीत परत आणायचे. ना तेल, ना हळद. एकदा मी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं?

"मला चहाबी धड येत नाय म्याडम," ते म्हणाले. "मी वाचायला नेतो."

मला हसू आलं. पण ते खरोखर वाचत होते. नुसती मापं दिलेली पुस्तकं त्यांना चालायची नाहीत, त्यांना वास येत नाही म्हणायचे. लिहिणारी बाई जवळ बसून सांगतेय असं वाटणारी जुनी, जाडजूड पुस्तकं त्यांना हवी असत. कांदा गुलाबी झाला पाहिजे, मसाल्याला तेल सुटलं पाहिजे, खमंग वास घरभर सुटला पाहिजे. कृती जेवढी लांबलचक तेवढे ते खूश. जन्मात समुद्र न पाहिलेला हा माणूस सुरमईचं कालवण असं रंगवून सांगायचा, की मला दुपारी साडेतीनला भूक लागायची. मी चेष्टा करायची, "काय त्रिंबकराव, आज काय बेत?" ते गंभीरपणे सांगायचे, दुपारी बिर्याणी झाली, संध्याकाळी बासुंदी आहे. खादाड म्हातारा आहे, असं मी घरी जाऊन सांगितलंसुद्धा.

यंदाच्या श्रावणात आम्ही पुस्तकांची मोजणी काढली, आणि त्यांनी नेलेल्या पुस्तकांत मला पेन्सिलीची अक्षरं सापडली. एका नाही, सात पुस्तकांत. समासात, वाकडी, दाबून लिहिलेली. 'चार जणांना एवढं तेल?' 'आधी भाजायचं, मग वाटायचं.' 'ही बाई कधी चुलीपुढं बसली नसंल.' नानखलियाच्या, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याच्या, पानावर होतं, 'शहागंजात खाल्लं होतं. ह्यांनी माझी वाटीपण संपवली.' आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांच्या पानावर, अगदी तळाला, 'हे ह्यांना जमणार नाय. मी बरी झाल्यावर करीन.'

त्रिंबकराव आल्याबरोबर मी सातही पुस्तकं त्यांच्यापुढं मांडली. ते बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिले. मग म्हणाले, आमच्या मालकिणीचं अक्षर आहे. माझा पारा चढलेलाच होता. शेंगोळ्यांच्या त्या दोन ओळी मी चार माणसांत मोठ्यानं वाचून दाखवल्या, आणि वर म्हटलं, बऱ्या झाल्यावर त्या करतील हो, पण पुस्तक काही तुमच्या घरची वही नाही. बाईला ताप-बिप आला असेल, असंच मला वाटलं होतं.

"चुकलं म्याडम," ते म्हणाले. "पुसून देतो."

मी माझं स्वतःचं खोडरबर दिलं आणि त्यांना टेबलाशी बसवलं. दोन तास लागले त्यांना. एकेक ओळ आधी वाचायचे, थोडं थांबायचे, मग पुसायचे. म्हातारा चेंगट आहे, असं मी मनात म्हटलं. शेवटी मी प्रत्येक पान खिडकीशी नेऊन उजेडात तपासलं. शेंगोळ्यांच्या पानावर पुसट काहीतरी दिसत होतं. "हे राहिलंय," म्हणून मी पुस्तक त्यांच्याकडं परत सरकवलं. त्यांनी तेही पुसलं. टेबलावर पडलेला रबराचा चुरा तळहातानं गोळा केला, रुमालात बांधला आणि तो खिशात ठेवून ते गेले.

पुढं दोनेक महिने ते येत राहिले. पुस्तकं आता आतूनही कोरी असायची. दसऱ्यानंतर येणं थांबलं. मार्गशीर्षात एका दुपारी दोन पुस्तकं घेऊन आले, तेव्हा अंगात गणवेश नव्हता आणि डोक्यावर खुरटे केस उगवत होते.

"सारजा गेली," ते म्हणाले. "पुस्तकं द्यायला उशीर झाला."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि तेव्हा कुठं मला सगळं कळलं. त्यांच्या बायकोला, सारजाबाईंना, घशाचा कॅन्सर होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं, वाचा गेली. नाकातून नळी घातली. डाळ-तांदळाची पेज मिक्सरमधून काढायची, फडक्यानं गाळायची आणि नळीवाटे द्यायची, एवढाच स्वयंपाक त्रिंबकराव शिकले. सोसायटी घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून दर जेवणाला ते घरी जायचे. एका वाटीला वीस मिनिटं लावा, घाई केली तर उलटून पडेल, असं सिस्टरनं बजावलं होतं. यांना धीर नव्हता. भसाभस ओतायचे, आणि हाल तिचे व्हायचे. मग एकदा सारजाबाईंनी वर्तमानपत्राचा एक कागद यांच्या हातात दिला. त्यात पुरणपोळीची कृती होती. बोलता येत नाही म्हणून उशाशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, 'मोठ्यानं वाचा.' सावकाश वाचून कृती संपली तेव्हा वाटीही संपली होती. त्या दिवसापासून दर वाटीला एक कृती ठरून गेली.

सारजाबाईंनी गावच्या शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवली होती, दोनशे पोरांची. चार जणांची मापं ऐकून त्यांना हसू यायचं. डोळे मिटून ऐकायच्या. 'खमंग' आलं की हात वर करायच्या, म्हणजे तेवढं परत वाचायचं. वाटीत रोज तीच फिकट पेज, आणि वर बिर्याणी, बासुंदी, सुरमईचं कालवण. 'आज काय बेत' असं मी दर वेळी हसत विचारत होते, ते आठवलं आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

यांना काही सांगायचं असलं की सारजाबाई पाटीवर लिहायच्या. पाणी, दुखतंय, दिपालीला फोन लावा. दिपाली म्हणजे नाशिकला दिलेली मुलगी. पाटी रोज पुसली जायची. पुस्तकांत त्या लिहायच्या ते हे ड्यूटीवर असताना. त्या दिवशी मी दाखवलं तेव्हा त्रिंबकरावांनी ती अक्षरं पहिल्यांदा पाहिली होती.

मी विचारू नये ते विचारलं. पुसायला लावलं, हे त्यांना घरी सांगितलं होतं का?

"सांगितलं की. हसली. पाटीवर लिहिलं, म्याडमला माझी माफी सांगा." मग म्हणाले, "तवापासनं पुस्तकावर पेन्सिल नाय धरली तिनं."

ती माफी त्यांनी मला सांगितलीच नव्हती. आता सांगितली आणि मी ती ऐकून घेतली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग ते ज्यासाठी आले होते ते बोलले. "म्याडम, ती सात पुस्तकं एकडाव दावता का? एखादं पुसायचं राह्यलं असंल. तिच्या हातचं घरात कायच नाय."

मी सातही पुस्तकं काढली. अर्धी त्यांनी घेतली, अर्धी मी खिडकीशी नेली. पानन् पान पाहिलं. काही राहिलेलं नाही, हे मला आधीपासून माहीत होतं, कारण ते मीच तपासून घेतलं होतं. तरी मी पानं उलटत राहिले. मान वर करून त्यांना 'नाही' म्हणायची माझी छाती होईना.

त्यांच्या हातात शेंगोळ्यांचं पान होतं. पुढून ते स्वच्छ होतं. त्यांनी पान उलटलं आणि मागच्या बाजूनं, तळाशी, बोट फिरवलं. सारजाबाई दाबून लिहायच्या. त्यांचं बोट एका जागी थांबलं, परत मागं आलं, परत पुढं गेलं.

"हाय," ते म्हणाले.

त्यांनी पुस्तक माझ्याकडं सरकवलं. कागदाला बारीक उंचवटे लागत होते. मला त्यांतून अक्षर लागेना. त्यांना लागत होतं. बोट सरकवत ते हळूहळू वाचत होते, "ह्यांना... जमणार... नाय." पुढची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली नाही.

हे पुस्तक तुम्ही ठेवून घ्या, मी म्हटलं. ते नको म्हणाले. लोकांचं पुस्तक आहे, कार्डावर लिहा. मी लिहिलं. तारीख चुकली, मला ती खोडून परत लिहावी लागली.

बरोबर पंधराव्या दिवशी ते आले. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि स्वतःच उघडून दाखवलं. शेंगोळ्यांच्या पानावर हळदीचा पिवळा अंगठा होता, तेलाचे दोन मोठे थेंब होते आणि कडेला हुलग्याचं पीठ वाळून चिकटलेलं होतं.

"म्याडम, डाग पडलाय," ते म्हणाले. "पुसू का?"

मी नको म्हटलं. मग विचारलं, जमले का शेंगोळे?

"नाय. वळायला गेलो तर तुटत्यात. रश्श्यात टाकले तर सगळ्याचं पिठलं झालं." त्यांनी पान उलटलं आणि तळाशी एकदा बोट फिरवलं. "तिनं लिहिलंच व्हतं ना."