सुमनताईंचा हात

गतिमंद प्रौढांसाठी चालवलेलं आमच्या संस्थेचं वसतिगृह बंद करायचा ठराव त्या दिवशी विश्वस्तांच्या सभेत आला. अनुदान थांबलं होतं, ठेवीही मोडून झाल्या होत्या. "बाजूने असतील त्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले. आम्ही सातही जणांनी केले. चहा घेऊन आलेल्या सुमनताईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि हसत आपलाही हात वर केला. वसतिगृहातल्या रहिवासी म्हणून वीस वर्षं त्या इथेच राहत होत्या. बाहेर त्यांचं कुणी नव्हतं.

"सुमनताई, तुम्ही नका," मी म्हणालो.

"का? सगळ्यांनी केलाय की!"

ज्यांचं घर जाणार, त्यांना विचारावं असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. आम्ही हात खाली घेतले. त्यांचा मात्र वरच होता, कुणीतरी मोजेल म्हणून.