धुतलेल्या टाकीतले मासे

डॉक्टरांनी आमच्या यांना सांगितलं होतं, रक्तदाब वाढतोय, तेव्हा मीठ कमी करा, चिडणं कमी करा आणि जमलं तर घरात मासे पाळा. मासे बघत बसलं की मन शांत होतं. पहिल्या दोन गोष्टी यांच्या स्वभावात बसणाऱ्या नव्हत्या, म्हणून तिसरी तातडीने अमलात आली. शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. दुपारी उधन्यातल्या आमच्या सोसायटीसमोर रिक्षा थांबली आणि मांडीवर काचेची टाकी, हातात पाण्याची पिशवी आणि पिशवीत केशरी गोल्डफिश अशा थाटात हे उतरले. गॅलऱ्या भरल्या. नवरी आली असती तरी इतक्या भरल्या नसत्या.

टाकी पुढच्या खोलीत मांडली. तळाशी निळे खडे घातले, नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं आणि मासे सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतायत, मिटतायत. हे हरखून म्हणाले की बघ, एका रात्रीत माणसाळले, खायला मागतायत. मग त्यांनी भरपूर खाणं टाकलं. मासे खाईनात, तोंड मात्र उघडतच राहिले. यांनी आणखी टाकलं.

संध्याकाळपर्यंत पाणी गढूळ झालं. मासे वर येण्याचं खरं कारण हे गढूळ पाणीच, असं समजून यांनी बाह्या सरसावल्या, मासे बादलीत काढले, टाकी घासूनपुसून लख्ख केली आणि पुन्हा नळाचं ताजं पाणी भरलं. मासे आता धापाच टाकायला लागले. त्यानंतर हा रोजचा कार्यक्रम झाला. लग्नानंतर इतक्या वर्षांत घरातलं एक पातेलंही न विसळलेला माणूस रोज बँकेतून येऊन टाकी घासत होता. मी कौतुकाने बघायचे आणि मासे वर येऊन श्वास शोधायचे.

मी एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. मासा पाण्यात विरघळलेली हवा कल्ल्यांनी घेतो, हे दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगत होते. पण आमच्या घरात विज्ञान कोणाला विचारायचं, तर दुकानदाराला. मासेवाल्याने यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हवा ओछी पडे छे." हवा कमी पडतेय म्हटल्यावर हवेचा पंप आला. उधन्यात दिवसभर यंत्रमागांची खडखड ऐकून कान किटले होतेच, आता घरातही घरघर सुरू झाली. मासे जरा बरे दिसले, की संध्याकाळी टाकी धुतली जायची, की पुन्हा वर. मग निळं औषध आलं, त्याने मासे आणि यांची बोटं निळी झाली. पुढे पिवळं औषध आलं.

सासूबाई धुळ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माशांच्या दुखण्याचं निदान त्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकलं होतं. गॅलरीतून एवढ्या बायकांनी बघितलं, दृष्ट लागणारच. त्यांनी मीठ-मोहरी घेऊन टाकीवरून यथासांग दृष्ट काढली. समोरच्या घरातल्या गुजराती बेन रोज दारात उभ्या राहून हळहळायच्या, म्हणायच्या की बिचाऱ्यांना तापी नदीत सोडा, पुण्य लागेल. एक मासा मेला, त्या दिवशी त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला नाही.

तो मासा मेल्यावर मी यांना सांगितलं की दोष पाण्यात आहे. शहरात प्लेग येऊन गेल्यापासून नळाच्या पाण्यात क्लोरीनचं औषध जास्त मारत होते. सकाळी नळ सोडला की मोरीत दवाखान्यासारखा वास यायचा, आमचा चहासुद्धा त्याच वासाचा लागायचा. टाकी धुतली की मासे जास्त तडफडतात, हे तुमच्या लक्षात येतंय का, असंही विचारलं.

"आपण तेच पाणी पितो ना? आपण मेलो का?" हे म्हणाले. आपल्याला कल्ले नाहीत, हे मी म्हणाले नाही. त्या दिवसांत यांचा रक्तदाब, मासे बघून बघून, डॉक्टरांनाही काळजी वाटावी इतका चढला होता.

मग बँकेने यांना आठवडाभर बडोद्याला ट्रेनिंगला पाठवलं. जाताना टाकी रोज धुण्याबद्दल बजावून गेले. मी हो म्हणाले. त्यांची रिक्षा वळली तशी दोन बादल्या पाणी भरून गॅलरीत उन्हात उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर वास घेतला, औषधाचा मागमूस नव्हता. टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढलं आणि तेवढंच हे शिळं पाणी हळूहळू ओतलं. खडे हलवले नाहीत, काच घासली नाही, खाणं चिमूटभरच टाकलं. हेच एक दिवसाआड करत गेले. आठवडा संपत आला तसे मासे एकेक करून खाली उतरले आणि खड्यांमध्ये तोंड खुपसून हिंडायला लागले. सासूबाईंना दृष्ट उतरल्याची खात्री पटली. बेन आत येऊन टाकीसमोर बसल्या आणि चहा प्यायल्या.

हे परतले ते बूट न काढताच टाकीजवळ गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मासे बदलले का, असं मला विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले.

"आता बरे झालेत, तर एकदा टाकी स्वच्छ धुऊन घेतो," ते म्हणाले.

मी टाकी आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. आजवर यांच्यासमोर मी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. लेकाची बाजू घेतील असं मला वाटलं होतं, पण त्या माशांकडे हात करून म्हणाल्या, "राहू दे ना रे त्यासले." हे आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी बाह्या खाली केल्या, बूट काढले आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. टाकी आणल्यापासून ते प्रथमच नुसते बसले होते.