तीन झेंड्यांची सजा

खोटं बोलता न येणं हा रोग असेल, तर आमच्या आतोबांना तो जन्मापासून जडलेला आहे आणि पलटणीतल्या डॉक्टरांनाही त्यावर इलाज सापडलेला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बेंबळीच्या अलीकडे आमचं गाव. तिथून ते मिसरूड फुटायच्या वयात फौजेत गेले, वीसेक वर्षं लष्कराचा ट्रक चालवला आणि हवालदार होऊन परतले. येताना त्यांनी एक काळी पत्र्याची ट्रंक, भरघोस मिशा आणि पाच मेडलं आणली. ट्रंकेत आता आत्या हरभऱ्याची डाळ ठेवते. मिशा पिकल्या. मेडलं मात्र जुन्या धोतराच्या फडक्यानं घासून घासून अशी ठेवलीत, की त्यांत बघून दाढी करता यावी. फौज सुटली तरी फौजेची खोड सुटलेली नाही. गोठ्याभोवतीचे दगड ते दर महिन्याला चुन्यानं रंगवतात. म्हशी उंचीप्रमाणे बांधतात, आणि धाकटी म्हैस मधेच थोरलीच्या जागेवर जाऊन उभी राहिली तर तिला हिंदीतून समज देतात. पाहुणा दारात आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याला तीन प्रश्न येतात: कुठून आलात, काय काम, आणि परत कधी जाणार?

पण खरी गंमत त्यांच्या खरेपणाची. एकदा मी त्यांच्याबरोबर एसटीनं तुळजापूरला निघालो होतो. कंडक्टरनं पांढऱ्या मिशांकडं बघून मुकाट्यानं अर्धं तिकीट फाडलं. आतोबा म्हणाले, "पासष्ट भरायला अजून वेळ हाय. पुरं फाडा." कंडक्टर बिचारा म्हणाला, "असू द्या की काका, कोण बघतंय?" त्यावर आतोबांनी, "म्या बघतोय ना," म्हणून असा सूर लावला की अख्खी एसटी मान वळवून बसली आणि मी खिडकीबाहेरची ज्वारी बघू लागलो. माझ्या सोयरिकीच्या बैठकीतही त्यांना कुणीतरी शहाण्यानं पुढं बसवलं होतं. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलगा कसा आहे? आतोबा म्हणाले, "पोरगा बरा हाय. पर सकाळी आठापर्यंत लोळतो, अन् हिशेबात कच्चा हाय." सोयरीक मोडली नाही हे माझं नशीब. पण बायकोनं ते वाक्य माहेराहून आणलेल्या भांड्यांसारखं जपलंय आणि गेली कित्येक वर्षं ती मला साडेसहालाच उठवते.

आता असा माणूस मेडलं लावून गावात उभा राहिला की काय होत असेल याची कल्पना करा. एक मेचा सुट्टीतला झेंडा सोडला तर इतर महाराष्ट्रात शाळेचे झेंडे दोन, आमच्या मराठवाड्यात सतरा सप्टेंबरचा, मुक्तिसंग्रामाचा, धरून तीन. तिन्ही दिवशी आतोबा कडक इस्त्रीच्या कोटावर मेडलांची पट्टी लावून शाळेच्या मैदानात हजर. पोरं गोळा होतात आणि विचारतात, आजोबा, हे कशाचं? आतोबा एकेक बोट ठेवून सांगतात. "हे सरहद्दीवर राह्यल्याचं. हे थंडीचं, लई उंचावर व्हतो म्हणून. हे सवतंत्र्याला पन्नास वर्षं झाली तवा नोकरीत असल्याचं, त्या दिशी म्या तापानं आंथरुणात व्हतो, तरी दिलं. हे वीस वर्षं पळून न गेल्याचं, अन् हे नऊ वर्षं पळून न गेल्याचं." पोरांची तोंडं उतरतात. गावाला शूरवीर हवा होता आणि पदरी पडला होता हा. एका वर्षी गावानं त्यांचा सत्कार ठेवला. तेरखेड्याहून फटाक्यांच्या माळा आणून फेटा बांधताना वाजवल्या. आभार मानायला उठलेले आतोबा म्हणाले, "एवढा बार म्या सगळ्या नोकरीत ऐकला न्हवता. आज ऐकला, लई आभार."

या सगळ्यात आत्याचं काय होत होतं, हे कुणी विचारलं नाही. आतोबा तिकडं ट्रक चालवत होते तेव्हा तिनं इथं एकटीनं रान कसलं, सासऱ्याचं दुखणं काढलं, दोन लेकी वाढवल्या. आणि बचत गटात बायका तिला हसून विचारायच्या, "काय वं, पळून न गेल्याचं बी मेडल मिळतं व्हय?" एक दिवस आत्याला ते सहन झालं नाही. तिनं सांगून टाकलं की थंडीचं मेडल हे थंडीचं नाहीच; बर्फात जखमी झालेल्या साहेबाला पाठीवर घेऊन हे रात्रभर चालले, त्याचं आहे. गोष्ट बायकांतून पुरुषांत, पुरुषांतून शाळेत गेली. हेडमास्तर घरी खात्री करायला आले तेव्हा आतोबा रानात होते. आत्यानं खात्री करून दिली. येत्या सव्वीस जानेवारीला भाषणात ही हकीगत सांगायची असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी मी बायकापोरांसह गावी पोचलो, तेव्हा आत्या चुलीपाशी होती आणि आतोबा गोठ्याचे दगड रंगवत होते. आत्यानंच आतोबांना सगळं सांगितलं होतं. त्या घरात लपवाछपवी कुणाला जमते? जेवताना आतोबा ताटाकडं बघत म्हणाले, "पाठीवर साहेब न्हवता. रॉकेलचा स्टोव्ह व्हता. उद्या झेंड्याखाली म्या खरं तेच सांगनार." आत्या भाकरी वाढत होती. ती शांतपणे म्हणाली, "सांगा. म्या हितं एवढी वर्षं एकटीनं रेटली ती तुमी तिकडं स्टोव्ह वाहावा म्हणून, ते समद्या गावाला कळू द्या." मला उद्याची काळजी लागली. सकाळी आत्या पुढच्या रांगेत, त्याच बायकांच्या शेजारी बसणार होती आणि हा माणूस खोटं बोलू शकत नाही, हे मी एसटीत आणि सोयरिकीत बघितलं होतं.

झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं. हेडमास्तरांनी बर्फ, वादळ आणि साहेबांचं रक्त असं काही रंगवलं की साहेब बिचारे तिथंच दगावतात की काय असं वाटलं. मग माईक आतोबांपुढं धरून ते म्हणाले, "हवालदार साहेब, असंच झालं ना?" आतोबांनी आत्याकडं बघितलं. तिनं मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. आतोबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "व्हय." तेवढंच. टाळ्या पडल्या. बचत गटाच्या बायका आत्याकडं वळून वळून बघू लागल्या, आणि बर्फ रंगवणारे हेडमास्तर डोळे पुसताना मी पहिल्यांदा बघितले. आतोबा मात्र कोटाच्या ओझ्यानं वाकल्यासारखे खुर्चीत बसले.

घरी आल्यावर त्यांनी दारातल्या आरशासमोर उभं राहून टाच आपटली आणि स्वतःवरच खटला भरला. साहेबाच्या आवाजात विचारलं, "हवालदार, झेंड्याखाली जाणूनबुजून झूट बोला. कबूल?" मग स्वतःच्या आवाजात म्हणाले, "कबूल, साहब." पुन्हा साहेबाच्या आवाजात सजा झाली: थंडीचं मेडल तीन झेंडे जप्त. मला हसू आवरेना. पण चुलीपाशी आत्याचा भाकरी थापणारा हात थांबला होता, म्हणून मी हसू गिळलं. आतोबांनी पट्टीतलं ते मेडल सोडवलं आणि तिच्या हातात दिलं. "मुद्देमाल हाय," म्हणाले, "जपून ठेव." तिनं ते डाळीच्या ट्रंकेत ठेवलं.

पंधरा ऑगस्ट गेला, सतरा सप्टेंबर गेला, पुढचा सव्वीस जानेवारीही गेला. सजा संपली. त्यानंतरच्या पंधरा ऑगस्टच्या सकाळी आत्यानं मेडल घासूनपुसून त्यांच्यापुढं धरलं. आतोबांनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "लावलं की पोरं इचारनार, हे कशाचं? खरं सांगितलं तर तुझी मान खाली, खोटं सांगितलं तर पुन्यांदा सजा. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच." तेव्हापासून त्यांच्या पट्टीवर चार मेडलं असतात आणि मधे एक जागा मोकळी. पोरं विचारतात, आजोबा, इथलं कुठं गेलं? आतोबा सांगतात, "घरी हाय." यात खोटं काही नाही.

यंदा सव्वीस जानेवारीला मी गेलो होतो. आतोबांचे हात आता थरथरतात, टाचणी लागत नाही, म्हणून पट्टी आत्याच लावते. लावून झाल्यावर तिनं त्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला, तिथला कोट चुरगळला नव्हता तरी. परतताना आतोबा पुढं चालत होते, आम्ही मागं. आत्या हळूच म्हणाली, "साहेब न्हवता रे पाठीवर. स्टोव्हच व्हता, मला बी ठावं हाय. पर त्या दिशी समद्या गावासमोर त्यांनी मला पाठीवर घेतलं."

पुढं आतोबा चुन्याच्या दगडांपाशी दम खात थांबले होते. पूर्वी त्यांना गाठायचं तर आत्याला मागून पळावं लागायचं. आता तिनं त्यांना चार पावलांत गाठलं आणि त्यांच्या चालीनं चालू लागली.