बिनडोक्याची गिटार आणि साडूभाऊ

जगातली कुठलीही वस्तू पुरेशी घट्ट बसलेली नाही, यावर माझ्या साडूभाऊंइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस मी पाहिलेला नाही. देवावरही त्यांची श्रद्धा आहे, पण देवळातली घंटा वाजवण्याआधी ते तिची कडी हलवून बघतात. हे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सत्तरीला टेकले आहेत, राहायला पूर्णगडला. उभा जन्म होड्यांची इंजिनं आणि सुकाणू दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे रत्नागिरीतल्या माझ्या फ्लॅटमध्येसुद्धा ते भर समुद्रात असल्यासारखेच वागतात. पिशवीत सोडे असोत नसोत, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर असतोच. एकदा चहा होईपर्यंत स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी आमच्या बाथरूमची कडी बदलली. दुसऱ्या दिवशी मला आत जाऊन बाहेर यायला पाऊण तास लागला. गच्चीत त्यांनी बांधलेली कपड्यांची दोरी तर होडी ओढायची आहे. मागच्या वादळात गच्चीवरचे पत्रे उडून शेजारच्या आवारात गेले, दोरी जागची हलली नाही. माझा लेंगाही तिच्यावर तसाच होता.

अशा माणसाच्या हाती मी माझी गिटार कधीच दिली नसती. पण मी थकलो होतो. दिवसा सरकारी कचेरीत फायली आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बास गिटार, असं करत पंचवीस वर्षं काढली. बास वाजवणारा दिसतो कोणाला? तो वाजवायचा थांबला, तरच काहीतरी कमी झाल्याचं लोकांना जाणवतं. शेवटी डावा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, नाहीतर वाजवणं सोडा. सोडणं माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून मुंबईच्या एका वादकाची जुनी, बिनडोक्याची बास घेतली. असल्या गिटारच्या दांड्याच्या टोकाला खुंट्यांचं डोकंच नसतं, तारा खालच्या बाजूला पिळायच्या, त्यामुळे ती हलकी. पण खांद्यावरचा पट्टा अडकवायची खुंटी नेमकी दांड्याच्या बुडाशी होती. हात सोडला की दांडा खाली झुकायचा आणि तो वर धरून धरून खांद्याचं दुखणं कोपरापर्यंत उतरलं. देवरूखच्या एका कॉलेजचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. हे जमलं नाही तर तो आपला शेवटचा कार्यक्रम, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

साडूभाऊंनी ती सोफ्यावर पाहिली आणि विचारलं, "ह्याचा डोका कुठं गेला?" मी समजावून सांगितलं. पण पुढचं टोक छाटलेली होडी पाहावी तसे ते तिच्याकडे बघत राहिले. पट्ट्याची अडचण कानावर पडली मात्र, त्यांचा चेहरा उजळला. त्यांचा मोजपट्टीवर विश्वास नाही. खिशातून सुंभाची दोरी काढून त्यांनी मला पाय फाकवून, डोळे मिटून उभं केलं आणि खांदा, कोपर, बेंबी अशा गाठी मारल्या. चौथी गाठ कशाची ते विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. मग गिटार काखोटीला मारून ते पूर्णगडला गेले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती परत आली. खुंटीच्या जागी आखूड पितळी हात आरपार बोल्ट मारून बसवलेला, आणि मागच्या अंगाला पत्र्याखाली ओळीने शिशं, मासेमारीचं जाळं बुडावं म्हणून बांधतात ती. पट्टा अडकवून मी दोन्ही हात सोडले. दांडा तसूभरही हलला नाही. फक्त गिटार आता माझ्या जुन्या बासपेक्षा जड झाली होती. मी तसं म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "जड हाय म्हणून तर थाऱ्यावर हाय." होडी स्थिर करायची ती तळाला वजन घालून, ही त्यांची पद्धत. एसटीने उभ्याने आलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार?

देवरूखला ते पहिल्या रांगेत बसले. गाण्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, नजर माझ्या पट्ट्यावर. मी दोन-तीनदा खांद्यावरचा पट्टा सरकवला, तेवढंच त्यांनी पाहिलं. मध्यंतरात ते स्टेजमागे आले.

"दुखताय?"

मी म्हटलं, काही नाही हो.

"खोटा सांगू नको. होडी कलली की मला लांबून कळता."

त्यांनी एकेक शिसं काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. खिसा लोंबायला लागला. पुढचा अर्धा कार्यक्रम मी पुन्हा दांडा हाताने तोलत रेटला. परतताना पालीला चहाला उतरलो, तेव्हा मी सांगून टाकलं की भाऊ, आता पुरे, वाजवणं सोडतोय. त्यांच्या चहावर साय धरली. ती बोटाने बाजूला सारत ते म्हणाले, "आठ दिस थांब."

आठव्या दिवशी ते आले आणि जुना हात काढून नवा बसवला. आमसुलाने घासलेली, लांब, पातळ, दांड्याच्या मध्यापर्यंत वळत गेलेली पितळी पट्टी. पट्ट्याची खुंटी आता तिच्या टोकाला होती. मी हात सोडले. दांडा सरळ राहिला आणि खांद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. असलं पितळ आता मिळतं कुठे, म्हणून विचारलं, तर ते स्क्रू पिळत राहिले. उत्तर ताईंनी, म्हणजे हिच्या बहिणीने, हिला फोनवर दिलं. पट्टी त्यांच्या स्वतःच्या होडीच्या सुकाणूची होती. गुडघे गेल्यापासून ती होडी त्यांच्या माडाखाली पालथी आहे. दर वर्षी ते तिला तेल देतात. गिऱ्हाइकं येतात, त्यांना परत पाठवतात, तिचा खिळासुद्धा कोणाला काढू देत नाहीत.

मी म्हटलं, "भाऊ, सुकाणूची पट्टी काढलीत?"

"ती काय आता पाण्यात जायची नाय," ते मान वर न करता म्हणाले. "तू अजून वाजवतोस."

मी अजून वाजवतो. खांदा कुरकुरतो, पण चालतं. परवा पूर्णगडला गेलो होतो, तेव्हा माडाखाली होडी पाहिली. सुकाणूवर पट्टीच्या जागी फिकट डाग होता, त्यावरून तेलाचा हात फिरवलेला. आणि धरून ठेवायला काही उरलेलं नसताना, तिथले सगळे स्क्रू परत जागच्या जागी घट्ट पिळलेले होते.